गोलवाडीच्या पुलावरून

कुणी डोळे मिटायला सांगितलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी ड्रायव्हर माणूस. सिडकोतून वाळूजच्या कारखान्यांत कामगार नेणारी बस चालवता चालवता माझे केस पांढरे झाले. सकाळच्या पाळीची माणसं बसमध्ये चढली की माना टाकून झोपतात. त्यांना बिनघोर झोपता यावं म्हणून एकट्याने टक्क जागं राहायचं, हेच माझं काम. त्यामुळे दुपारी घरी खाटेवर आडवा झालो तरी माझा एक डोळा किलकिला असतो. माझी बायको सगीरा सगळ्यांना सांगते की या माणसाने निकाहाच्या दुआतसुद्धा डोळे उघडे ठेवले होते.

आणि अशा माणसाला तनुजा सिस्टर म्हणाल्या, "हबीबचाचा, डोळे मिटा बरं. आपण समुद्रावर जाऊ."

तेव्हा मी शहरातल्या एका हॉस्पिटलच्या जळीत वॉर्डात होतो. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. दोष कुणाला द्यायला जागा नव्हती. एप्रिलच्या एका सकाळी गोलवाडीच्या पुलाअलीकडे गाडी तापली. काटा लालमध्ये. मी गाडी बाजूला घेतली आणि मागून ओरडा सुरू झाला, "चाचा, गेट बंद होईल! हाफ डे लागंल!" इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं टोपण उघडायचं नसतं, हे क्लीनरच्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. मी फडकं घेतलं आणि टोपण फिरवलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं वर आलं, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. ज्यांना हाफ डेची चिंता होती, त्यांनीच मला रिक्षात घालून हॉस्पिटलात आणलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जखम भरेल, पण भरताना कातडी आखडते. बोटं रोज हलवली नाहीत तर हात अर्धवट मिटलेलाच राहील. पूर्ण उघडणार नाही, पूर्ण मिटणार नाही.

"मग गाडी?" मी विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

त्या 'बघू'ने माझी झोप उडवली. बसचं स्टेअरिंग परातीएवढं असतं. डावा हात गिअरवर जातो, तेव्हा सगळी गाडी एकट्या उजव्या हाताच्या भरवशावर असते. आणि मला दुसरं काही येत नाही. दुकान टाकायचं तर मला गोड बोलता येत नाही. वॉचमन व्हायचं तर एका जागी उभं राहवत नाही. हात गेला म्हणजे माझं सगळं गेलं, असं मला वाटत होतं, आणि मी मनातून फार घाबरलो होतो. सगीराला हे बोललो नाही, पण तिला कळलेलं होतंच.

रोज सकाळी आधी दुखणं मारायचं इंजेक्शन मिळायचं. मग तनुजा सिस्टर पट्टी सोडायच्या, जखम धुवायच्या आणि एकेक बोट धरून उघडायच्या, मिटायच्या. बाई गंगापूरकडची, बारीक चणीची, पण धरलेलं बोट सोडायची नाही. इंजेक्शन असूनही मी असा ओरडायचो की पलीकडच्या वॉर्डातली माणसं दारात येऊन बघायची. शेजारच्या खाटेवर वैजापूरचे रामकिसन होते. कांद्याचे अडते. लग्नातल्या कढईचं तेल पायावर सांडलेलं. ते म्हणाले, "हबीबभाई, आमच्याकडं कांद्याच्या लिलावात बी एवढा आवाज नसतो बगा."

सिस्टरने बोटाला हात लावला की माझा हात आपोआप छातीशी यायचा. मी ओढायचो असं नाही, तो स्वतःच यायचा. हात छातीशी आला की त्या दिवशी बोट सरळ व्हायचं राहून जायचं. मधली दोन बोटं आत वळायला लागली होती.

तेव्हा एके दिवशी सिस्टर स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "चाचा, इंजेक्शन मिळणारच आहे, ते मी बंद करत नाही. पण त्याच्या जोडीला मनालाही काहीतरी काम देऊ. मी सांगते तसं डोळ्यांपुढं आणायचं. नर्सिंगला आम्हाला शिकवतात हे. दुखायचं थांबत नाही, पण मन त्याच्याकडं एकटक बघत बसत नाही."

मग तो समुद्र. पायाखाली मऊ वाळू आहे, गार वारा आहे, लाट येते आहे, लाट जाते आहे. आवाज छान होता सिस्टरचा. पण मी समुद्र जन्मात पाहिलेला नाही, आणि वाळू म्हटल्यावर मला पहिलं हेच आठवलं की वाळूत चाक रुततं. रुतलेलं चाक काढायला माणसं लागतात, आणि तिथे तर मी एकटाच. डोळे मिटलेले ठेवावेत तर भीती वाटायला लागली.

"सिस्टर, भरती आली तर काय करायचं?" रामकिसननी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मधलं बोट धरलं, मी बोंबललो आणि समुद्र संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला कुठं गेलं की बरं वाटतं?" आता अशा प्रश्नाला माणूस चारचौघांत शोभेल तेच उत्तर देतो. मी म्हणालो, मकबऱ्यात. सिस्टर खूश झाल्या. त्यांनी हिरवळ आणली, पाण्याचे हौद आणले, संगमरवर आणला. पण खरी गोष्ट अशी की तरुणपणी मी टुरिस्ट बस चालवायचो, असंख्य वेळा माणसं मकबऱ्याला नेली, आणि तिकिटाच्या खिडकीपलीकडे एकदाही गेलो नाही. मला माहीत आहे तो पार्किंगचा पट्टा. सिस्टर कारंज्यांबद्दल बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे एका शहाण्याने माझ्या बसच्या तोंडाला कार आडवी लावलेली होती. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. हात आवळला गेला आणि जीव गेला की काय असं झालं.

"काय झालं चाचा?"

मी सांगून टाकलं. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चिमटा खाली ठेवावा लागला. "म्हणजे मी आत बागेत आणि तुम्ही बाहेर उभे?"

"ड्रायव्हर बाहेरच असतो सिस्टर."

त्या हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मीच चुकीच्या ठिकाणी नेतेय तुम्हाला. असं करू, तुम्हीच मला न्या. बसमध्ये घ्या मला."

"आणि डोळे?"

"ठेवा उघडे. तुम्ही डोळे मिटून गाडी चालवली तर मीच बसणार नाही."

त्यांनी माझ्या डाव्या हातात पट्टीची गुंडाळी दिली, ती गिअरची मूठ. उजवा हात त्यांच्या हातात. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. सिस्टर नुसतं विचारत राहिल्या. गाडी कुठं उभी आहे? सीट कशी लागते? गार? कसला वास येतोय? आवाज कुठून येतोय? आणि मी सांगत गेलो. सकाळची सीट गार असते, रेक्झिन पाठीला चिकटत नाही. डिझेलचा वास आणि पुढे खोचलेल्या उदबत्तीचा वास. मागच्या दाराची कडी खुळखुळते, ती मी मुद्दाम दुरुस्त करत नाही, कारण ती वाजायची थांबली की समजायचं दार नीट लागलं. सेव्हन हिल्सचा पूल, मोंढा नाका, क्रांती चौक. रस्ता मोकळा, उजेड नुकता येतोय, आणि मागे सगळी माणसं झोपलेली. हे मला आवडतं, असं मी सिस्टरला म्हणालो. सगळी झोपलेली असतात आणि ती माझ्याकडे असतात, हे मला फार आवडतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. करंगळी, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलवून झालं होतं. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. दुखलं. पण दुखणं मागच्या सीटवर बसलं होतं, माझ्या मांडीवर नव्हतं.

मग रोजची फेरी सुरू झाली. हळूहळू अख्खा वॉर्ड चढायला लागला. रामकिसन रोज म्हणायचे, "मला नगर नाक्याला उतरवा, तिथून वैजापूरची जीप धरतो." समोरच्या खाटेवरच्या भागूबाई टोपलं घेऊन चढायच्या आणि तिकीट मागू नका म्हणून दम द्यायच्या. सगीरा डबा घेऊन यायची, तिनेही खिडकीजवळची सीट धरली. म्हणाली, "इत्ते साल हुए, इनकी बस में कब्बी नई बैठी मैं. अब बैठी तो दवाखाने में!" सगळे हसले. मीही हसलो, आणि सिस्टरने तेवढ्यात अंगठा वळवून घेतला.

ओरडणं थांबलं. हात छातीशी यायचा थांबला. पण मधली दोन बोटं एका जागी येऊन अडायची. तिथपर्यंत सुरळीत, आणि मग दगड. डॉक्टर बघून गेले. म्हणाले, पुढच्या आठवड्यात ठरवू. बोटं अशीच राहिली तर ऑपरेशन करून कातडी सोडवावी लागेल, आणि त्यानंतर हाताचं खात्रीने सांगता येणार नाही. त्याच दिवशी बसच्या मालकाचा फोन आला. बदली ड्रायव्हर ठेवलाय, तुम्ही आराम करा म्हणाला. कसला डोंबलाचा आराम.

दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा तिथेच अडली. सिस्टरने हात खाली ठेवला.

"चाचा, एक विचारू? मी वाळूजला राहते. रोज त्याच रस्त्यानं स्कूटीवर येते. बाबा पेट्रोल पंपावरून सरळ नगर नाका, छावणी, गोलवाडी, असा रस्ता आहे ना?"

"हो."

"मग तुम्ही रोज स्टेशनकडं का वळता? पैठण रोड, मग लिंक रोड. एवढा मोठा वळसा?"

"बरोबर हाय!" रामकिसन उठूनच बसले. "तरीच! मला एक दिवस बी नगर नाक्याला उतरवलं नाय. रोज म्हंतेत, आज ट्रॅफिक हाय."

माझं डोकंच फिरलं. "रस्ता मला शिकवू नका," मी सिस्टरवर ओरडलो. "तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून चालवतोय मी त्या रस्त्यावर."

सगीराने डब्याचं झाकण लावलं आणि हळूच म्हणाली, "उनपे कायको चिल्लाते जी? सच्ची बात बोली वो."

खरं सांगतो, मी वळतोय हे मलाच माहीत नव्हतं. बाबा पेट्रोल पंप आला की माझी मनातली बस आपोआप डावीकडे वळायची, जसा हात आपोआप छातीशी यायचा. गोलवाडीच्या त्या जागेवर मला जायचंच नव्हतं. मला माझी लाज वाटली. ज्या सिस्टर माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, त्यांच्यावर मी ओरडलो याचीही वाटली.

सिस्टर रागावल्या नव्हत्या. पट्टी बांधत म्हणाल्या, "आज नको वाटतंय तर आज नको. जबरदस्तीचं काम नाही हे. पण जेव्हा जाल तेव्हा मी पुढच्या सीटवर असेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन झालं, सिस्टरने पट्टी सोडली, तेव्हा मी म्हणालो, "बसा सिस्टर. गोलवाडीवरून."

निघालो. क्रांती चौक गेला. बाबा पेट्रोल पंपावर हात शिवशिवला, पण गाडी सरळ ठेवली. नगर नाका आला.

"रामकिसन, उतरा."

"नाय," रामकिसन म्हणाले, "आज मी फुडपर्यंत येतो."

छावणीतली झाडं गेली. पुढे पुलाचा चढ दिसला. काटा वर सरकायला लागला. तापलेल्या रबराचा वास आला, खरोखरचा आला, नाकात. सिस्टरच्या हातात माझी मधली दोन बोटं नेहमीच्या जागी येऊन अडली होती.

"काय करताय?" सिस्टरने विचारलं.

"गाडी बाजूला घेतली. उतरलो. बॉनेट उघडलं."

"बरं."

"लोक ओरडतायत. हाफ डे लागंल म्हणतायत."

"ओरडू द्या. तुम्ही काय करणार?"

समोर टोपण होतं. हातात फडकं होतं. मला ते इतकं स्वच्छ दिसत होतं की फडक्यावरचा ग्रीसचा डागसुद्धा ओळखू आला. एकदा फिरवलं की झालं, गाडीत पाणी पडेल, गेट गाठता येईल. सिस्टरने बोटं ओढली नाहीत आणि सोडलीही नाहीत.

"थांबणार," मी म्हणालो.

आणि मला रडू फुटलं. एवढंच तर करायचं होतं त्या दिवशी. गाडीच्या पायरीवर बसायचं आणि थांबायचं. चार शिव्या खाल्ल्या असत्या, हात वाचला असता. वयाला न शोभेल असा मी हुंदके देऊन रडलो, सगळ्या वॉर्डासमोर, आणि मला कुणाची लाज वाटली नाही.

"मग थांबू," सिस्टर म्हणाल्या. "घाई नाही मला."

मी फडकं बाजूला ठेवलं आणि पायरीवर बसलो. इंजिन थंड होताना आतून टिक टिक आवाज येतो, तो ऐकत बसलो. पुलावरून गाड्या जात होत्या. मागची माणसं ओरडून ओरडून थकली आणि खाली उतरून आळस द्यायला लागली. "मी समद्यांना चहा सांगतो," रामकिसन त्यांच्या खाटेवरून हळूच म्हणाले. "कट नाय, फुल." भागूबाई म्हणाल्या, माझ्यात साखर कमी. टिक टिक मंदावत गेली. मी हात लावून बघितला, बॉनेट कोमट झालं होतं.

"चाचा," सिस्टर म्हणाल्या, "आता जरा इकडं बघा."

मी पंख्यावरून नजर काढून हाताकडे बघितलं. माझा पंजा त्यांच्या पंजावर उताणा पडला होता. बोटं अगदी सरळ नव्हती, पण काल जिथे दगड होता त्याच्या बरीच पुढे गेली होती. सगीरा तोंडाला पदर लावून उभी होती.

"आता पाणी टाका," सिस्टर म्हणाल्या, "आणि पूल ओलांडा. मला ड्युटी आहे."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून बघितली आणि ऑपरेशनची घाई नको म्हणाले. तो दिवस वॉर्डात ईदसारखा गेला. रामकिसन घरी गेले, जाताना मला कांद्याची गोणी पाठवतो म्हणाले आणि खरंच पाठवली. मीही घरी आलो. सगीरा मला सकाळ-संध्याकाळ लाटणं धरायला लावायची, आणि मी कंटाळलो तर म्हणायची, "चलो, बस निकालो." आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून वाळूजला जायचो. पावसाळा संपेपर्यंत मूठ मिटायला लागली. कातडी अजून ताणल्यासारखी वाटते, थंडीत ठणकते, ते राहीलच. पण डॉक्टरांनी कागदावर सही केली, आणि बदली ड्रायव्हर गावाकडे निघून गेल्यामुळे मालकानेही तोंड वाकडं न करता किल्ली दिली.

पहिल्या दिवशी सगळे चढताना माझ्या हाताकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. क्रांती चौक येईपर्यंत माना टाकून झोपलेसुद्धा. मला फार बरं वाटलं.

रेडिएटर नवा बसवलाय असं मालक म्हणाला होता. त्याच्या बोलण्यावर मी कधी गेलो नाही, आणि तेच बरं झालं. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत, गोलवाडीच्या पुलाचा चढ लागला तसा काटा अर्ध्यावरून वर सरकला. लालपासून अजून लांब होता. मी गाडी बाजूला घेतली, हॅन्डब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात टाकली.

मागे एकेक जण जागा झाला. "काय झालं? पुन्हा तेच?" मग कुणीतरी सुरू केलं, "चाचा, गेट बंद होईल! हाफ डे लागंल!" आणि बाकीच्यांनी सूर धरला.

मी उतरलो नाही. उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला, मूठ मिटली, उघडली, मिटली. चांगली मिटत होती. मग त्या सीटवर बसून जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. डोळे मिटले, दोन्ही. खाली मऊ वाळू होती, गार वारा होता. लाट येत होती, लाट जात होती. चाक कुठेच रुतलं नव्हतं, कारण गाडी मी वर डांबरी रस्त्यावर नीट लावून आलो होतो.

"चाचा," मागून कुणीतरी घाबरून विचारलं, "झोपले काय?"

"नाही," मी म्हणालो. "गाडी थंड होऊ दे. घाई नाही मला."